हॉटेल कॅलिफोर्नियाच्या पुढे काय? कमी ऐकलेलं क्लासिक रॉक आणि कव्हर गाणी चौघांत ऐकण्याची रीत

आपल्याकडे क्लासिक रॉक म्हटलं की ठरलेली पाच-सात गाणी निघतात. हॉटेल कॅलिफोर्निया, स्टेअरवे टू हेवन, स्मोक ऑन द वॉटर, फार तर कम्फर्टेबली नम. कॉलेजच्या गॅदरिंगला ज्याच्या हातात गिटार येते तो यातलंच काहीतरी वाजवतो. गाणी चांगलीच आहेत, वाद नाही. अडचण एवढीच की त्यांच्याविषयी स्वतःचं असं मत आता कुणाकडे उरलेलं नाही. पहिली तार छेडायच्या आधीच माना डोलायला लागलेल्या असतात.

अनोळखी गाण्यापुढे ही सोय नसते. त्याला कुणी महान म्हटल्याचं आपल्याला ठाऊक नसतं, त्यामुळे सगळी भिस्त कानांवर. म्हणून नवख्याने सुरुवात तिथूनच करावी: साठ-सत्तरच्या दशकातली, आपल्याकडे फारशी न वाजलेली गाणी, आणि त्यांच्या जोडीला कव्हर, म्हणजे एकाचं गाणं दुसऱ्याने आपल्या पद्धतीने पुन्हा केलेलं. चार जणांनी बसून ती ऐकायची आणि कुणाला काय ऐकू आलं ते एकमेकांना सांगायचं. गिटार वाजवता यायची गरज नाही, नोटेशनची तर मुळीच नाही.

माणसं आणि खोली

चार ते सहा जण पुरे. दहा झाले की दोन कोपऱ्यांत दोन गप्पा सुरू होतात आणि गाणं मागे वाजत राहतं. वयं मिसळलेली असली तर उत्तम. ज्याने १९८० च्या आसपास कॅसेट भरून आणलेल्या असतात आणि ज्याने काल पहिल्यांदा डीप पर्पलचं नाव ऐकलं, त्या दोघांना एकाच गाण्यात वेगळ्या गोष्टी ऐकू येतात. फक्त पहिल्याने दुसऱ्याला "तू हे ऐकलंच नाहीस?" असं विचारायचं नाही. या एका प्रश्नाने बऱ्या-बऱ्या बैठकी बंद पडतात.

दीड तासात गाण्यांच्या दोन जोड्या होतात, त्याहून जास्त ठेवू नका. चहा मध्यंतरात. चिवडा गाणं संपल्यावर. ऐकताना चिवडा खाणाऱ्याला स्वतःच्या दातांपलीकडचं काही ऐकू येत नाही.

फोनच्या स्पीकरवर बेस गिटार जवळजवळ नाहीशी होते, आणि या काळातल्या रॉकमध्ये अर्धी करामत बेसवाल्याची असते. छोट्या गोल ब्लूटूथ स्पीकरवर बेस येतो, पण डावं-उजवं एकत्र होतं. जुने दोन स्पीकर कुणाच्या घरी धूळ खात पडले असतील तर तेच आणा. ते नसतील तर वायरचे साधे इअरफोन चालतील. साठच्या दशकातल्या स्टिरिओ ध्वनिमुद्रणांत आवाज एका बाजूला आणि वाद्यं दुसऱ्या बाजूला असं सरळ वाटप पुष्कळदा असे. बीटल्सच्या १९६५ च्या रबर सोलची मूळ स्टिरिओ आवृत्ती लावा आणि उजवा इअरफोन काढून ठेवा. गायक जवळपास गायब होतात, मागे नुसती साथ उरते. मग तो परत लावून डावा काढा. नवख्या कानाला वाद्यं वेगळी करून ऐकायला शिकवणारा याहून स्वस्त धडा मला ठाऊक नाही.

मंडळी पुणे, न्यू जर्सी आणि मेलबर्नमध्ये विखुरलेली असतील तर व्हिडिओ कॉलवरून गाणं ऐकवायच्या फंदात पडू नका. कॉलचं तंत्र माणसाचं बोलणं स्पष्ट करण्यासाठी बनवलेलं असतं. त्याला गिटार हा गोंगाट वाटतो आणि ते तिला दाबून टाकतं. सगळ्यांनी आपापल्या यंत्रावर गाणं काढून ठेवायचं, एकाने "एक, दोन, तीन" म्हणायचं, माइक बंद करून ऐकायचं, संपल्यावर माइक चालू.

नेमकं कुठलं ध्वनिमुद्रण?

हे काम गाणं आणणाऱ्याने आदल्या दिवशी करायचं. एकाच गाण्याच्या नावाने अॅपवर डझनभर नोंदी येतात: स्टुडिओतली, मैफिलीतली, रेडिओसाठी कापलेली, आणि गायकाने तीस वर्षांनी पुन्हा गायलेली. शेवटची सगळ्यांत फसवी, कारण वर नाव आणि चित्र जुनंच असतं. गाण्यापुढे दिसणारं वर्षही बऱ्याचदा नव्या आवृत्तीचं असतं. १९७१ च्या गाण्यासमोर २०१५ दिसलं तर घाबरू नका, ते रिमास्टरचं, म्हणजे जुनंच ध्वनिमुद्रण नव्याने साफसूफ केल्याचं साल असू शकतं. मूळ अल्बम कुठला आणि तो कधी आला, हे वेगळं बघून ठेवा.

आणखी एक बारीक गोष्ट. दोन आवृत्त्या लागोपाठ वाजवताना आवाजाची पातळी सारखी करून घ्या. जी जरा मोठ्याने वाजते ती कानाला आपोआप जास्त चांगली वाटते, आणि मग गटातले चौघे जण व्हॉल्यूमच्या बटणाला मत देऊन मोकळे होतात.

पहिली जोडी थोडी ओळखीची घ्या

अनोळखी गाण्यांची महती सांगून मी सुरुवात मात्र प्रसिद्ध जोडीने करायला सांगतोय, कारण फरक कसा ऐकायचा हे इथे लवकर कळतं. ऑल अलाँग द वॉचटॉवर. बॉब डिलनने ते १९६७ मध्ये नॅशव्हिलला रेकॉर्ड केलं: गिटार, हार्मोनिका, बेस, ड्रम, आणि अडीच मिनिटांत खेळ खलास. पुढच्याच वर्षी जिमी हेंड्रिक्सने ते घेतलं. कॉर्ड (एकत्र छेडलेल्या सुरांचे गुच्छ) त्याच, तीनच, गोल फिरत राहणाऱ्या. शब्द तेच. तरीही सलग ऐकल्यावर दोन्ही एकच गाणं आहे यावर नवख्याचा चटकन विश्वास बसत नाही.

आता नुसतं "हेंड्रिक्सने भारी केलंय" म्हणून सोडू नका. पावणेदोन मिनिटांच्या पुढेमागे गाणं थांबून गिटारचा मोठा तुकडा सुरू होतो, तिथे कान लावा. त्याचे सरळ चार भाग पडतात आणि प्रत्येक जेमतेम पाव मिनिटाचा आहे. आधी साधा सोलो. मग तारेवरून काहीतरी घसरवत काढलेला, मिंडेचा, लांबट आवाज. मग वा-वा पेडलचा, तोंड उघडल्या-मिटल्यासारखा बोलका सूर. आणि शेवटी एकेरी सूर सोडून कॉर्डचे ठोके, ज्यांवर चढत गाणं पुन्हा शब्दांकडे येतं. हे चार भाग ज्याला मोजता आले त्याला पुढे कुठल्याही सोलोची भीती वाटणार नाही. दुसऱ्यांदा ऐकताना बेसकडे लक्ष द्या. ती हेंड्रिक्सने स्वतः वाजवली आहे, आणि बारा तारांच्या गिटारवर ट्रॅफिक बँडचा डेव्ह मेसन आहे.

पुढे डिलन स्वतःच मैफिलींत ते हेंड्रिक्सच्या वळणाने वाजवू लागला. मूळ श्रेष्ठ की कव्हर, हा वाद घालायला उत्सुक असलेल्यांना एवढं सांगून गप्प करता येतं.

ठेका मोजा

नवख्याला कव्हरमधला फरक सगळ्यांत आधी कुठे सापडतो, तर लयीत. त्यासाठी हातावर टाळी द्यायची, लाजायचं नाही.

बीटल्सचं विथ अ लिटल हेल्प फ्रॉम माय फ्रेंड्स १९६७ चं. रिंगो गातो, बाकीचे त्याला प्रश्न विचारतात, चालत्या लयीत पावणेतीन मिनिटांत संपतं. चारात मोजा, बरोबर बसेल. मग जो कॉकरचं १९६८ चं लावा. चारात मोजायला गेलात तर हात अडखळेल, कारण त्याने ते संथ करून सहात आणलं आहे. दादरा ज्याच्या कानात बसलाय त्याला ही जागा लगेच सापडते. आधी ऑर्गन, मग एकदम गिटार कोसळते, मागे बायकांचा कोरस, आणि रिंगोने हसतखेळत म्हटलेल्या ओळी कॉकर जीव तोडून विचारतो. त्यात गिटार वाजवणारा जिमी पेज आहे. तो पुढे ज्या लेड झेपेलिनचा गिटारवाला म्हणून गाजला, त्या बँडचा पहिला अल्बम तेव्हा यायचा होता.

संथ करणं ही त्या काळातली मोठी युक्ती. सुप्रीम्सचं यू कीप मी हँगिंग ऑन १९६६ मधलं झटपट, नाचतं गाणं. व्हॅनिला फज या न्यूयॉर्कच्या मंडळींनी वर्षभरात त्याचा वेग इतका उतरवला की तीच तक्रार विनवणी होऊन बसली, आणि तिच्याखाली हॅमंड ऑर्गन घुमायला लागला. स्मोक ऑन द वॉटरवाल्या डीप पर्पलचा १९६८ चा पहिला अल्बम काढून पाहा, त्यातली निम्मी गाणी दुसऱ्यांची आहेत आणि बीटल्सचं हेल्प तिथे असंच हळू झालं आहे. मला स्वतःला ते फारसं पटत नाही, ओढूनताणून गंभीर केल्यासारखं वाटतं. तुमच्यापैकी कुणाला आवडलं तर भांडायला छान विषय आहे.

ऐकायचं कसं, बोलायचं कसं

सगळ्यात वेळ द्यायचा तो इथे.

गाणं आणणाऱ्याने आधी एक अक्षर बोलायचं नाही. नाव, बँड, साल, "हे ऐकून मी रडलो होतो" वगैरे काही नाही. नुसतं लावायचं. पहिल्या वेळी सगळ्यांनी गप्प बसून ऐकायचं, फोन पालथे. शब्द वाचायचे नाहीत. इंग्रजी उच्चार कळत नसले तरी चालेल, आवाज काय करतोय ते कळतंच. दुसऱ्या वेळी कागद-पेन घ्यायचं आणि मिनिट-सेकंदाचा आकडा समोर ठेवून जिथे कान टवकारले तिथली वेळ लिहायची. गाण्याचे शब्द वाचायचेच असतील तर याच वेळी.

मग एकेकाने एकच जागा सांगायची. आपल्याला लागलेली सवय म्हणजे "कडक", "जबरी", "अंगावर काटा". हे शब्द वापरा, माझी हरकत नाही, पण काटा कितव्या सेकंदाला आला ते पुढे जोडा. "मस्त गाणं आहे" यावर कुणालाच काही बोलता येत नाही. "साडेतीन मिनिटांनी ड्रम थांबतात आणि नुसती बेस उरते, तिथे मला वाटलं संपलं" यावर तिघे जण बोलतात, एक जण "कुठे? परत लाव" म्हणतो, आणि बैठक सुरू होते. आवडलं की नाही हे शेवटी. पुष्कळदा तोवर मत बदललेलं असतं.

उदाहरण म्हणून युरिया हीपचं जुलै मॉर्निंग घ्या, १९७१ चं, साडेदहा मिनिटांचं. आमच्याकडे ते लावलं तेव्हा इमारतीतले एक निवृत्त काका आणि दुसऱ्या मजल्यावरची इंजिनिअरिंगची मुलगी समोरासमोर होते.

"काका, शेवटी शेवटी ती पिपाणीसारखी काय वाजतेय?"

"पिपाणी नाही गं, मूग आहे तो."

"खायचा?"

"सिंथेसायझर! मॅनफ्रेड मानने येऊन वाजवलाय. पण तू ती पिपाणी कुठून सुरू झाली ते सांग."

तिने वेळ सांगितली, पुन्हा लावलं, आणि काकांच्या लक्षात आलं की आपण इतकी वर्षं हे गाणं डेव्हिड बायरनच्या आवाजासाठीच ऐकत होतो. शेवटची कॉर्डची फिरती माळ आणि तिच्यावर भरकटणारा तो मूग त्यांनी कधी धड ऐकलाच नव्हता. मुलीचं मत मात्र पडलं की शेवट दोन मिनिटांनी कापायला हवा होता. तिचंही बरोबर असू शकतं.

कमी ऐकलेलं म्हणजे आपल्याकडे कमी ऐकलेलं, हेही या गाण्यामुळे ध्यानात ठेवावं. बल्गेरियात ३० जूनच्या रात्री लोक काळ्या समुद्राच्या किनाऱ्यावर जमतात आणि १ जुलैचा सूर्योदय बघतात, त्या प्रथेचं नावच या गाण्यावरून पडलं आहे. तिथल्या कुणापुढे "एक अनोळखी गाणं ऐकवतो" म्हणालात तर हसतील.

बोलताना टाळायची एक गोष्ट: "हे अमक्यासारखं आहे" म्हणून थांबणं. रॉबिन ट्रॉवरचं १९७४ चं ब्रिज ऑफ सायज लावलं की पहिल्या अर्ध्या मिनिटात कुणीतरी "हेंड्रिक्स!" म्हणतंच. म्हणू द्या, गिटारचा आवाज त्या घराण्यातला आहेच. मग विचारा, हेंड्रिक्समध्ये नसलेलं इथे काय आहे? माझं उत्तर जेम्स डूअर. बेस वाजवत गाणारा हा माणूस इतक्या भरीव, सावकाश आवाजात गातो की ट्रॉवरची गिटार त्याच्याभोवती फिरत राहते. तुमचं उत्तर दुसरं असेल. पण प्रश्न विचारला नाही तर चर्चा हेंड्रिक्सवर जाते आणि समोर वाजणारं गाणं तसंच राहतं.

जोडीत आधी कुठलं?

गटाला जे कमी ठाऊक असेल ते आधी, मग ते मूळ असो वा कव्हर. ब्लॅक मॅजिक वुमन सगळ्यांना सांतानाचं म्हणून माहीत असतं, १९७० च्या अब्राक्सस अल्बममधलं. म्हणून आधी फ्लीटवुड मॅकचं १९६८ चं वाजवा. नावावरून गोंधळू नका: रूमर्स या गाजलेल्या अल्बमच्या आधी फ्लीटवुड मॅक हा लंडनचा ब्लूज बँड होता आणि पीटर ग्रीन त्याचा गिटारवाला. गाणं त्याचंच. त्याच्या वादनात सुरांइतकीच मोकळी जागा आहे. सांतानाकडे ती सगळी जागा कोंगा आणि टिंबाले या तालवाद्यांनी भरली, आणि शेवटी गाबोर साबोची जिप्सी क्वीन ही धून जोडून गाणं पळवलं. ग्रीनही शेवटाला लय बदलून वेग पकडतोच. म्हणजे पळायची कल्पना मुळातली, वाट वेगळी. हे दोन्ही शेवट लागोपाठ लावून बघा.

ग्रीनचंच द ग्रीन मॅनालिशी हे १९७० चं गाणं त्याहून कमी लोकांनी ऐकलं आहे. पैशाविषयीच्या एका दुःस्वप्नातून आलेलं, भीती वाटावी असं, शेवटाकडे शब्द संपून नुसतं विव्हळणं उरतं. ज्युडास प्रीस्टने सत्तरच्या दशकाच्या अखेरीस ते हेवी मेटलमध्ये आणलं. तिथे भीतीची जागा जोशाने घेतली. मला मूळ जास्त आवडतं, पण मेटल ऐकत वाढलेल्या पोरांना विचारलं तर ते प्रीस्टचंच नाव घेतात, आणि त्यांचं कारण ऐकण्यासारखं असतं: दोन गिटार एकच रिफ, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारा छोटा तुकडा, मिळून वाजवतात तेव्हा ती छातीत बसते.

याच प्रीस्टने जोन बाएझचं डायमंड्स अँड रस्टही घेतलं. बाएझने १९७५ मध्ये डिलनबरोबरच्या जुन्या नात्यावर लिहिलेलं गाणं. १९७७ मध्ये बर्मिंगहॅमकडच्या या मंडळींनी ते जोरकस गिटारींवर उचललं. चामड्याच्या जाकिटातल्या बँडने लोकगायिकेचं गाणं गावं, हे ऐकायच्या आधी विचित्र वाटतं. ऐकल्यावर कळतं की चालीत मुळातच तेवढा दम होता.

मूळ कुणाचं, हे तपासल्याशिवाय बोलू नका

लेखक-संगीतकाराचं नाव अॅपवर क्रेडिट्समध्ये असतं, तिथे जायची सवय लावा. विदाउट यू ऐकून कुणी मराया कॅरीचं नाव घेतं, जाणकार हॅरी निल्सनचं घेतात. ते १९७० मध्ये बॅडफिंगर या ब्रिटिश बँडच्या पीट हॅम आणि टॉम इव्हान्सने केलं; एकाकडे अंतरा होता, दुसऱ्याकडे मुखडा, दोन अर्धी गाणी त्यांनी जोडली. बॅडफिंगरचं ऐकलं तर मुखडा जवळजवळ सहज म्हणून टाकल्यासारखा येतो. त्याच ओळीत केवढं दुखणं दडलंय ते पुढच्या वर्षी निल्सनने वरच्या पट्टीत जाऊन दाखवलं.

कधी कधी क्रेडिटही पुरत नाही. डेझ्ड अँड कन्फ्यूज्ड लेड झेपेलिनच्या १९६९ च्या पहिल्या अल्बमवर फक्त जिमी पेजच्या नावाने आलं. जेक होम्स नावाच्या अमेरिकी गायकाचं याच नावाचं गाणं १९६७ मध्ये येऊन गेलं होतं. होम्स २०१० मध्ये कोर्टात गेला, आणि नंतरच्या आवृत्त्यांवर त्याच्यापासून स्फूर्ती घेतल्याचा उल्लेख आला. दोन्ही ऐका आणि स्वतः ठरवा. उतरत येणारी ती बेसची ओळ ओळखायला पहिली दहा सेकंद पुरतात. उलट व्हेन द लेव्ही ब्रेक्सच्या बाबतीत झेपेलिनने मेम्फिस मिनीचं नाव दिलं होतं. तिने आणि कॅन्सस जो मॅकॉयने ते १९२९ मध्ये रेकॉर्ड केलं, मिसिसिपीच्या १९२७ च्या महापुरावर. दोन गिटार, एक आवाज. झेपेलिनच्या आवृत्तीत ड्रम एवढे घुमतात कारण ते हेडली ग्रेंज या जुन्या घरात जिन्याखाली ठेवले होते आणि माइक वर जिन्यात टांगले होते.

जे. जे. केलच्या आफ्टर मिडनाइटची तर वेगळीच गंमत. केलने १९६६ मध्ये ते जलद लयीत रेकॉर्ड केलं, कुणी विचारलं नाही. १९७० मध्ये एरिक क्लॅप्टनने गाजवलं. त्यानंतर केलने स्वतःच्या पहिल्या अल्बमवर ते पुन्हा घेतलं, आणि तेव्हा मात्र आरामात, खुर्चीत टेकून बसल्यासारखं. मूळ कुठलं म्हणायचं यावर आमच्याकडे एक अख्खा चहा थंड झाला.

पुढचं गाणं कुठून आणायचं

अॅप सुचवतं ते बहुतेक तुम्हाला आधीच आवडणाऱ्यासारखं असतं. त्यापेक्षा आवडलेल्या गाण्याचा धागा पकडून मागे जा. यूएफओ या ब्रिटिश बँडचा १९७७ चा लाइट्स आऊट घ्या. त्यात अलोन अगेन ऑर नावाचं एक गाणं बाकीच्यांत बसत नाही असं वाटेल. क्रेडिट पाहा: ब्रायन मॅक्लीन. तो लॉस एंजेलिसच्या लव्ह या बँडमधला. मग त्यांचा १९६७ चा फॉरेव्हर चेंजेस काढा. तिथे हेच गाणं स्पॅनिश ढंगाच्या गिटारवर सुरू होतं आणि मध्येच ट्रम्पेट येते. तो अल्बम पूर्ण ऐकून परत यूएफओकडे या आणि शेवटचं लव्ह टू लव्ह लावा. एका कव्हरमधून दोन अल्बम हाती लागले.

पूर्वी हे काम दुकानातल्या माणसाकडून व्हायचं. मुंबईत काळा घोड्याचं रिदम हाउस २०१६ मध्ये बंद झालं. चोरबाजारात जुन्या रेकॉर्ड अजून मिळतात, पण घेण्याआधी तबकडी बाहेर काढून उजेडात तिरपी धरून बघा. नख अडकेल असा चरा असेल तर कव्हर कितीही देखणं असो, ठेवून द्या.

आपल्या मातीतली कव्हर

हा कप्पा मराठी श्रोत्याने चुकवू नये. उदय शंकरांचे चिरंजीव आनंद शंकर यांनी १९७० च्या अल्बममध्ये रोलिंग स्टोन्सचं जंपिंग जॅक फ्लॅश आणि डोअर्सचं लाइट माय फायर सतारीवर, मूगच्या साथीने वाजवलं. सतार म्हणून नाक मुरडणारे आणि रॉक म्हणून नाक मुरडणारे, दोघांनाही एकदम ऐकवावं असं ते आहे.

सत्तरच्या दशकाच्या आरंभी सिमला सिगारेटच्या कंपनीने सिमला बीट ही बँडची स्पर्धा भरवली आणि १९७० व १९७१ च्या निवडक बँडच्या रेकॉर्ड काढल्या. ध्वनिमुद्रण कच्चं आहे, पण वाजवणाऱ्यांची भूक लपत नाही.

आणि १९७२ मध्ये लेड झेपेलिनचे पेज व गायक रॉबर्ट प्लांट मुंबईत आले तेव्हा त्यांनी इथल्या वादकांना घेऊन आपलीच दोन गाणी, फ्रेंड्स आणि फोर स्टिक्स, पुन्हा रेकॉर्ड केली. ती अधिकृतपणे बाहेर यायला २०१५ उजाडलं. फ्रेंड्सची १९७० ची आवृत्ती आणि ही मुंबईची, अशी जोडी लावा आणि तबला जिथे येतो तिथली वेळ लिहा. काहींना तो नेमका बसलेला वाटतो, काहींना वादक अजून गाणं चाचपताहेत असं वाटतं. मी दुसऱ्या गटातला. पाचगणीच्या शाळेत द हेक्टिक्स या बँडमध्ये पियानो वाजवणारा फ्रेडी मर्क्युरी तुम्हाला ठाऊक असेलच. त्याच्या क्वीनचं १९७५ चं द प्रॉफेट्स साँग मात्र बोहेमियन ऱ्हॅप्सडीच्याच अल्बमवर असून कुणी लावत नाही. मधल्या भागात त्याचा एकट्याचा आवाज स्वतःच्याच मागून येऊन त्याला गाठतो. इअरफोनवर ऐका.

पहिल्या चार बैठकींचा बेत

पहिल्या बैठकीत वॉचटॉवरची जोडी आणि कॉकर-बीटल्स. दुसरीत ब्लॅक मॅजिक वुमन दोन्ही, आणि नंतर मॅनालिशी.

तिसरी बैठक स्टुडिओ विरुद्ध मैफिलीची ठेवा. आयर्लंडच्या रोरी गॅलाघरचं अ मिलियन माइल्स अवे आधी १९७३ च्या टॅटू अल्बमवरून, मग आयरिश टूर ७४ वरून. दुसरं ध्वनिमुद्रण जानेवारी १९७४ च्या दौऱ्यातलं. उत्तर आयर्लंडमधला हिंसाचार भरात असताना बाहेरचे बँड बेलफास्टला यायला कचरत, हा तिथेही वाजवून आला. ते ऐकणाऱ्यांना गाणं संपल्यावर सांगा, आधी नको.

चौथ्या बैठकीला बजी हा बँड. कार्डिफचे तिघे, १९७३ चं ब्रेडफॅन. मेटॅलिकाने १९८८ मध्ये ते केल्यामुळे मेटलवाल्यांना चाल ओळखीची असते, मूळ नसतं. मध्येच गाणं एकदम शांत होतं ती जागा दोघांनी कशी सांभाळली ते ऐका, आणि शेजाऱ्यांना आधी कल्पना देऊन ठेवा.